देवाच्या दरबाराचा चाकर : रेव्ह. नारायण वामन टिळक

वाचकहो, बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्याला लागून, पीण्या नावाचे विस्तीर्ण औद्योगिक क्षेत्र आहे. १९७० च्या दशकात आकारास आलेल्या या क्षेत्रात आज हजारो लहानमोठे कारखाने आहेत. कोठे यंत्रांचे सुटे भाग घडतात, कोठे धातूला मुलामा चढतो, कोठे तयार कपडे शिवले जातात. कामगार दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि प्रांतांतून येतात, भाड्याच्या लहानशा खोल्यांत दाटीने राहतात आणि पाळीप्रमाणे झोपतात. एकाच चाळीत चार भाषा ऐकू येतात.

आता असे समजा, की या वस्तीत प्रभूची सुवार्ता घेऊन जाण्यासाठी आपल्या मंडळीला एका तरुणाची निवड करावयाची आहे. आपण त्याला काय शिकवाल? त्याच्या भाकरीची व्यवस्था कोण करील? रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या शेजारी तो कोणत्या नात्याने बसेल? विद्यालयांची उणीव नाही. बंगळूर हे तर धर्मशिक्षणाचे मोठे केंद्र असून तेथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० पासून कार्य करीत आहे. अभ्यासक्रमही आहेत. प्रश्न निराळाच आहे. शिकवून, मस्तकावर हात ठेवून, प्रार्थनेने रवाना केलेला सुवार्तिक त्या वस्तीत कोणाचा माणूस म्हणून ओळखला जाणार? हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, एका मराठी सेवकाला छळीत होता. तो इतका छळीत होता, की आयुष्याच्या उतरणीवर त्याने हातची नोकरी सोडली आणि भगवी वस्त्रे अंगावर घेतली. ते सेवक म्हणजे आपले रेव्ह. नारायण वामन टिळक.

टिळक आपल्याला भेटतात ते बहुधा उपासना संगीताच्या पानांवर, किंवा शाळेच्या क्रमिक पुस्तकात फुलामुलांचे कवी म्हणून. त्यांच्या जीवनाची दुसरी बाजू आपण फारशी पाहत नाही. उपदेशक कसा घडवावा याची चिंता वाहणाऱ्या शिक्षकाची ती बाजू आहे, आणि मला वाटते, कवीपेक्षा आज या शिक्षकाची आठवण आपणास अधिक हवी आहे.

त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकर होते व स्वभावाने कठोर होते. आई जानकीबाई मृदू आणि भक्तिमान होती. आईचे छत्र लहानपणीच हरपले आणि नारायणाचे घरातील मन उडाले. तो नाशिकास गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याचे संस्कृताचे अध्ययन झाले. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्याचा विवाह झाला. याच आपल्या लक्ष्मीबाई. त्यानंतरची कित्येक वर्षे भ्रमंतीत गेली. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यात खिळे जुळविणारा, तर कधी नागपुरास आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करणारा पंडित. एका ठिकाणी पाय ठरत नसे. देशाला नवा धर्म हवा, जातिभेद मोडणारा आणि सर्वांना एकत्र आणणारा, हा ध्यास मात्र सुटत नसे.

१८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ सहप्रवासी होते. बोलणे काव्यावरून धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. टिळकांना त्या पुस्तकाची फारशी ओढ नव्हती, परंतु दिलेला शब्द पाळणे भाग होते. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून पुढे त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाराष्ट्राच्या मंडळीला तिचा सर्वांत मोठा कवी ज्या भेटीतून लाभला, त्या भेटीस ना सभा होती, ना व्यासपीठ. एका प्रवासापुरती सोबत होती, समोरच्याच्या आवडीच्या विषयापासून सुरू केलेले बोलणे होते आणि निरोप घेताना दिलेले एक पुस्तक होते. इतकेच.

त्या बाप्तिस्म्याची किंमत घराने मोजली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या आणि चारपाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे त्या अहमदनगरास आल्या. सोवळेओवळे मनातून सुटण्यास किती काळ लागला, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त विलक्षण मोकळेपणाने सांगितले आहे. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे १८३१ पासूनचे केंद्र. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या देखरेखीखाली तेथे ईश्वरविज्ञानाचे विद्यालय चाले आणि त्यातून गावोगावचे उपदेशक व पाळक तयार होत. टिळक या विद्यालयात शिकवू लागले. विद्यार्थी कोण होते, ते पाहा. बहुतेक जण महार आणि मांग समाजांतील, गावकुसाबाहेर वाढलेले तरुण. ज्या काळात त्यांची सावलीही टाळली जाई, त्या काळात काशीच्या शास्त्र्यांच्या तोडीचा एक संस्कृतज्ञ ब्राह्मण त्यांचा शिक्षक झाला आणि आपल्या घराचे दार त्याने त्यांना मोकळे ठेवले. टिळकांच्या घरी पाहुण्यांना, अनाथांना आणि विद्यार्थ्यांना तोटा नसे. बालकवी ठोमरेदेखील काही काळ याच घरात राहिले. पैसा हाती टिकत नसे. त्याचा ताप अर्थातच लक्ष्मीबाईंना होई.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक होते. या सर्व वर्षांत त्यांची एक तक्रार हळूहळू आकार घेत होती. गावात जाणारा उपदेशक बोले ते परभाषेतून उतरविलेले मराठी, गाई ती परक्या चालीवर बसविलेली गीते. महाराष्ट्राच्या खेड्यात लोक देवाविषयी ऐकत आले ते कीर्तनातून, अभंगातून आणि भजनातून. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी टिळकांची दृढ धारणा होती. म्हणून त्यांनी भजने रचली, अभंग रचले आणि ख्रिस्ती कीर्तनाची जी परंपरा अहमदनगरात आधीच रुजू लागली होती तिला नवे बळ दिले. उपदेशकाच्या तोंडी बसेल आणि शेतातून परतणाऱ्या बाईच्या कानाला ओळखीचे वाटेल, असे गीत त्याच्या झोळीत असले पाहिजे, हे त्यांनी जाणले. १९०९ साली त्यांनी 'ख्रिस्तायन' लिहावयास घेतले तेही ओवीत.

परंतु भाषा हा प्रश्नाचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा पगाराचा होता आणि तो अधिक अवघड होता.

उपदेशक मिशनचा वेतनधारी असे. त्याची नेमणूक, बदली, बढती मिशनरी साहेबांच्या हाती. केलेल्या कामाचा अहवाल तो त्यांना सादर करी. यात कोणाची लबाडी नव्हती. दुष्काळाने व दारिद्र्याने गांजलेल्या मंडळ्यांना आपला उपदेशक पोसणे परवडत नसे आणि मिशनने तो भार प्रेमाने उचलला होता. पण गावकऱ्याच्या दृष्टीने चित्र काय होते? हा मनुष्य साहेबाचा नोकर. त्याला बोलण्याचे पैसे मिळतात, म्हणून तो बोलतो. मग त्याची साक्ष कितीही खरी असो, ती विकत घेतलेली वाटे. टिळक स्वतःही याच व्यवस्थेतून वीस वर्षांहून अधिक काळ वेतन घेत होते, आणि हेच त्यांना सर्वाधिक सलत असावे. इतरांना धाडताना आपण स्वतः कोणाच्या आज्ञेत उभे आहोत, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच लावून घेतला.

त्यांच्या समकालीनांपैकी आणखी एकाला हा प्रश्न पडला होता. दक्षिणेत व्ही. एस. अझरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०५ च्या नाताळात श्रीरामपूर येथे (बंगालमधील, आपल्या जिल्ह्यातील नव्हे) राष्ट्रीय मिशनरी संस्था स्थापन केली. भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय व्यवस्था हे तिचे धोरण. पुढे १९१२ साली दोर्नकलचे बिशप झाल्यावर अझरियांनी खेड्यातील शिक्षक-सुवार्तिकांची फळी उभी केली. अझरिया संघटक होते. टिळक कवी होते, आणि त्यांनी कवीचा मार्ग धरला.

१९१७ च्या सप्टेंबरात त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यास जाऊन संन्याशाचे जीवन स्वीकारले. हा संन्यास घरसंसार टाकून रानात जाण्याचा नव्हता. आपली म्हणावी अशी मिळकत ठेवावयाची नाही, कोणाच्या चाकरीत राहावयाचे नाही आणि जो येईल त्याला भाऊ मानावयाचे, असा तो होता. सोबत त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा एक बंधुसमाज स्थापन केला. तो नवा पंथ नव्हता किंवा मंडळीला पर्याय नव्हता. ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करणाऱ्या कोणाही भारतीयाला, बाप्तिस्मा झालेल्याला आणि न झालेल्यालाही, त्यात स्थान होते. सर्वांनी मिळून, आपल्या देशी रीतीने, स्वतःच्या हिमतीवर प्रभूची सेवा करावी, ही कल्पना होती.

वाचकहो, बाप्तिस्मा न झालेल्यांना बंधू म्हणून बसविणे कित्येकांना रुचले नाही. आजही रुचणार नाही. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. बाप्तिस्मा ही प्रभूची आज्ञा आहे आणि ती ऐच्छिक करून चालत नाही. परंतु टिळकांची अडचणही समजून घ्यावी. बाप्तिस्म्यासाठी घर, बायको आणि मूल काही वर्षांसाठी गमावलेला हा मनुष्य होता. दाराशी थांबलेल्या माणसाच्या पायांत काय काय अडकलेले असते हे त्यांना जितके ठाऊक होते, तितके त्यांच्यावर आक्षेप घेणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असेल.

दरबाराला आयुष्य लाभले ते पावणेदोन वर्षांचे. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते प्रभूच्या घरी गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगरास आणल्या गेल्या. त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. त्याला ना नियमावली होती, ना अभ्यासक्रम, ना धुरा पेलणारा वारस. सर्व काही टिळकांच्या व्यक्तिमत्त्वावर उभे होते. शिक्षक म्हणून हा त्यांचा दोष मानावा लागेल: वीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या विद्यालयात उपदेशक घडविले, पण स्वतःच्या दरबारासाठी पुढचा सेवक घडविण्याइतका अवधी ना त्यांनी राखला, ना त्यांना मिळाला.

तरी बीज वाया गेले नाही. जॅक विन्स्लो नावाचे एक तरुण इंग्रज मिशनरी टिळकांच्या विचारांनी भारले गेले. त्यांनी १९२२ साली 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. त्यात इंग्रज आणि भारतीय बंधू एका पंक्तीत बसत, खादी नेसत आणि साधे राहत. पुढच्याच वर्षी विन्स्लोंनी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. साहेबाच्या वेतनातून मराठी उपदेशकाला मोकळे करू पाहणाऱ्या टिळकांचा विचार उचलला तो एका साहेबाने, हा योग मोठा नवलाचा.

पीण्याच्या चाळीकडे आपला तरुण निघाला असेल, तर त्याच्या शिक्षकांनी टिळकांच्या या दोन्ही बाजू त्याला सांगाव्यात. तो स्वतः एखाद्या कारखान्यात पाळी करणारा असेल, तर उत्तमच. करिंथात पौल अक्विल्लाच्या घरी तंबू शिवीत राहिला होता. तसे नसेल आणि मंडळी त्याला पोसणार असेल, तर त्यातही उणेपणा नाही. फक्त त्या खोलीतील माणसाला तो पोसणाऱ्यांचा माणूस वाटता कामा नये. आणि बेळगावकडून किंवा बिदराकडून पोटासाठी आलेला एखादा मराठी कामगार तेथे भेटलाच, तर दूर परमुलखात टिळकांचे एखादे भजन त्याच्या कानी पडावे.

टिळकांच्या हातून 'ख्रिस्तायना'चे आरंभीचे अध्यायच लिहून झाले होते. शाळेत कधी न गेलेल्या आणि पतीने घरीच लिहावयास शिकविलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम पुढे चालविले आणि साठाहून अधिक अध्याय रचले. त्या स्वतः कीर्तनासही उभ्या राहत. १९३६ साली त्यांचे देहावसान झाले, आणि १९३८ साली मुलगा देवदत्त यांच्या हातून 'ख्रिस्तायन' छापून बाहेर पडले.