गोकुळाष्टमी ते गणेशचतुर्थी

भिवंडीत घरोघरी श्रीगणराय विराजमान होत असता आम्हांस पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे स्मरण होते. मुंबईस वाळकेश्वरी १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीस, त्यांचा जन्म झाला. देहावसान १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस.

तारुण्यात सतार शिकलेले भातखंडे व्यवसायाने वकील. १९०० साली पत्नी व १९०३ साली कन्या निवर्तल्यावर त्यांनी वकिलीही सोडली व संगीतास वाहून घेतले. त्या काळी चिजा उस्तादांच्या कंठी असत आणि बहुधा त्यांच्याबरोबरच लयास जात. त्या मिळविण्यासाठी पंडितजी देशभर हिंडले आणि सोप्या स्वरलिपीत त्यांनी त्या उतरविल्या: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र स्वराखाली बिंदू, तार स्वरावर बिंदू, समेस फुली. मींड कमानीने दाखविली, तरी सतारीच्या तारेवरची मींड कागदावर पुरती उतरत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण चीज तरी उरली!

१९३३ पासून पक्षाघाताने ते अंथरुणास खिळले. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांपैकी अखेरचे दोन त्यांच्या पश्चात, १९३७ साली, प्रसिद्ध झाले.