गुणग्राहक शेठ वालचंद

सोलापूरच्या दिगंबर जैन दोशी घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांच्यापुढे सावकारी व कापसाच्या वडिलोपार्जित पेढीचा राजमार्ग होता. परंतु पदवीचे शिक्षण अपुरे राहिले आणि पेढीत मन रमेना. अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. नावापुढे अभियंत्याची पदवी नाही, पण रेल्वेच्या कामाची जाण पक्की. वालचंदांनी प्रमाणपत्र विचारले नाही, जाण पारखली. घराण्याची पत पणाला लावून त्यांनी फाटकांना नोकर नव्हे, भागीदार केले व रेल्वेची ठेकेदारी आरंभिली. ठेका फसता तर धन आणि नाव दोन्ही गेले असते. त्याच पायावर पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनी आणि १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना उभा राहिला.

८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९५५ मध्ये सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास त्यांचेच नाव देण्यात आले. पदवी नसलेल्या या पुरुषाच्या नावाने आज सहस्रावधी पदवीधर ओळखले जातात. आपल्या पेढीवर वा संस्थेत माणूस नेमताना समाजधुरीणांनी ही पारख स्मरणात ठेवावी.