लांडग्याच्या पिलांचे डोळे उघडणारा सेनानी

मावळातील शिरगावासारख्या गावात तिसरी-चौथीच्या वर्गात बसणाऱ्या मुलांचे जे वय, त्याच वयासाठी एका ब्रिटिश सेनानीने १०० वर्षांहून अधिक काळापूर्वी एक छोटीशी शिडी रचली. महाराष्ट्रातील शाळांना परिचित असलेली कब-बुलबुल पथके हे तिचेच भारतीय रूप. तो सेनानी म्हणजे रॉबर्ट बेडन पॉवेल.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. पण रॉबर्ट तीन वर्षांचे असतानाच त्यांचे छत्र हरपले. १८७६ मध्ये लष्करी अधिकारी म्हणून ते प्रथम भारतात आले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंगचा वेढा त्यांनी २१७ दिवस झुंजविला. वेढ्यात निरोप पोहोचविण्याचे काम तेथील किशोरवयीन मुलांनी चोख बजावले. मुलांवर जबाबदारी टाकली तर ती पेलतात, हा धडा त्यांनी तेथे घेतला. १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर २० मुलांचे शिबिर झाले आणि स्काउट चळवळ उभी राहिली.

मोठ्या भावांचा गणवेश पाहून धाकटेही हट्ट धरू लागले. त्यांना मोठ्यांच्या परीक्षा झेपणाऱ्या नव्हत्या. १९१६ मध्ये बेडन पॉवेल यांनी त्यांच्यासाठी 'वुल्फ कब' ही स्वतंत्र शाखा काढली. व्हेरा बार्कले या तरुणीची त्यात मोलाची मदत झाली. कथा मात्र त्यांनी मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांच्याकडून घेतली. मोगली आणि अकेला यांचे ते जंगल सिवनीचे; म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रांतातले! लांडग्याचे पिलू जन्मतः डोळे मिटलेले असते. नवखा कब 'कोमल पद' ठरे. पहिला तारा टोपीवर लागला की त्याचा एक डोळा उघडला, दुसऱ्याने दोन्ही. दुसऱ्याला मागे टाकण्याची अट त्यात नव्हती. आपल्या परीने शिकस्त करणे पुरेसे होते. बालमानसशास्त्राची इतकी जाण एका घोडदळाच्या अधिकाऱ्याला असावी, याचे नवल वाटते.

या कथेला एक काळी किनार आहे. ज्या भूमीतून मोगली घेतला, तेथील मुलांनाच प्रारंभी या चळवळीची दारे बंद होती. १९०९ पासूनची भारतातील पथके युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. त्यामुळे अॅनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय आदींनी स्वतंत्र संघटना उभारल्या. १९२१ मध्ये बेडन पॉवेल भारतात आले आणि बेझंट यांची संघटना मुख्य प्रवाहात सामील झाली. परंतु १९३७ च्या दिल्ली जांबोरीनंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी केलेल्या टीकेने वादळ उठले. त्यातूनच १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काउट असोसिएशन स्थापन झाली. मुलांचे मन ओळखणाऱ्या या माणसाला भारतीय मन मात्र पुरते उमगले नाही, असेच म्हणावे लागते.

८ जानेवारी १९४१ रोजी केनियातील न्येरी येथे त्यांचे निधन झाले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी विविध संघटनांच्या एकीकरणातून भारत स्काउट्स अँड गाइड्सची स्थापना झाली. त्यांच्या शिडीला येथे देशी पायऱ्या लाभल्या. कब प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय, तृतीय व चतुर्थ चरण चढतो. बुलबुल कोमल, रजत, सुवर्ण व हीरक पंख मिळविते. त्यापुढे दोघांनाही 'गोल्डन अॅरो' खुणावत असतो.