यंत्राला लायब्ररी देणाऱ्या हॉपरबाई

कम्प्युटर सायन्सवाल्या मित्रांच्या तोंडी 'कम्पायलर' आणि 'लायब्ररी' हे दोन शब्द सतत असतात. आपण साहित्याचे विद्यार्थी. लायब्ररी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटं येतात, आणि कम्पायलर हे आपलं काम नाही असं आपण धरूनच चालतो. पण कम्पायल करणं म्हणजे मुळात संकलन करणं, चार ठिकाणचं साहित्य आणून एकत्र जुळवणं. हे काम यंत्राकडून पहिल्यांदा करून घेणाऱ्यांत एका गणिताच्या प्राध्यापिकेचं नाव सगळ्यात आधी येतं. त्या म्हणजे ग्रेस हॉपर.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांची असताना या मुलीने गजराचं घड्याळ आत कसं चालतं ते बघायला उघडलं. परत जुळेना, म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळं सुटी होऊन पडली होती. आईने रागावण्याऐवजी यापुढे एकाच घड्याळाशी खेळायचं अशी अट घातली. पुढे १९२८ साली व्हासार कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी, आणि १९३४ मध्ये न्यू हेवन शहरातल्या येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट. मधे १९३० साली व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. ते साहित्याचे प्राध्यापक. १९४५ मध्ये दोघे वेगळे झाले, पण हॉपर हे आडनाव त्यांनी कायम ठेवलं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा त्या व्हासारमध्ये शिकवत होत्या. नौदलात जायचं त्यांनी ठरवलं, पण वय जास्त आणि वजन कमी म्हणून आधी नकार मिळाला. शेवटी खास परवानगी मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात गेल्या. १९४४ मध्ये त्यांना हार्वर्डला 'मार्क १' या गणकयंत्रावर पाठवलं. हे यंत्र ५१ फूट लांब होतं. आज्ञा कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यायच्या. या यंत्राची माहिती देणारी पाचशेहून जास्त पानांची पुस्तिका लिहायची जबाबदारी हॉपरबाईंवर आली, आणि ती १९४६ मध्ये छापून निघाली.

तिथली एक साधी सवय पुढे फार मोठी ठरली. एखादं गणित सोडवणाऱ्या आज्ञांचा तुकडा नीट चालला की प्रोग्रॅमर तो वहीत उतरवून ठेवायचे. दुसऱ्याला लागला की तो ही वही मागून घेऊन नक्कल करायचा. आपण परीक्षेआधी नोट्स मागतो, अगदी तसंच! पण नकलेत आकडे चुकायचे, आणि तुकडा नव्या जागी बसवताना बेरजाही चुकायच्या. हॉपरबाईंना तिथे एक गोष्ट पक्की कळली. नक्कल आणि बेरीज ही माणसाला कंटाळा आणणारी कामं आहेत आणि यंत्राला मुळीच कंटाळा येत नाही. मग ती यंत्रानेच का करू नयेत?

त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगितली जाते ती गोष्ट मात्र अर्धीच खरी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी 'मार्क २' यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, हे खरं. पण बिघाडाला 'बग' म्हणायची पद्धत त्याआधीपासून होती, आणि तो पतंग त्यांनी स्वतः शोधला नव्हता. त्या फक्त ही गोष्ट रंगवून सांगायच्या.

युद्ध संपलं. हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. तो काळ त्यांना जड गेला, दारूनेही घेरलं होतं. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे 'युनिव्हॅक' हा संगणक तयार होत होता. पुढच्याच वर्षी रेमिंग्टन रँडने ती कंपनी विकत घेतली.

इथे त्यांनी 'ए-शून्य' नावाचा पहिला कम्पायलर लिहिला. १९५२ च्या मे महिन्यात पिट्सबर्गच्या एका परिषदेत त्यांनी त्यावर निबंध वाचला. कल्पना अशी. नेहमी लागणारे, तपासून घेतलेले तुकडे चुंबकीय टेपवर साठवायचे आणि प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा. प्रोग्रॅमरने फक्त क्रमांक आणि सोबतची माहिती लिहायची. यंत्र टेपवरून तो तो तुकडा शोधून आणेल, पत्ते बदलून बसवेल आणि सलग प्रोग्रॅम जुळवून देईल. आजच्या व्याख्येने याला पूर्ण कम्पायलर म्हणता येणार नाही, पण दार इथेच उघडलं.

आपण वडोदऱ्याच्या लोकांना ही कल्पना परकी वाटायला नको. लहरीपुरा दरवाज्यातून सरळ मांडवीकडे चालत गेलं की जवळच सेंट्रल लायब्ररी आहे, काचेच्या फरशांची. चिठ्ठीवर क्रमांक लिहायचा आणि कपाटातून नेमकं पुस्तक हातात यायचं, यामागची सगळी व्यवस्था बसवायला सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन यांना बोलावलं होतं. तेही न्यू हेवनहूनच आले होते! हॉपरबाईंचा आणि त्यांचा काही संबंध नाही, पण विचार एकाच जातीचा आहे. ज्ञान एकाच्या वहीत पडून राहू नये, त्याला क्रमांक मिळावा आणि मागेल त्याला ते मिळावं.

एक अडचण होती. टेप एकाच दिशेने पुढे जाते, मग अजून न आलेल्या तुकड्याकडे उडी कशी मारायची? हॉपरबाईंना कॉलेजातला बास्केटबॉल आठवला. त्या वेळच्या मुलींच्या नियमात चेंडू एकदाच टप्पा देऊन लगेच दुसरीकडे द्यावा लागे. म्हणून त्यांनी मेमरीत एक कोपरा राखून ठेवला. उडी आधी त्या कोपऱ्यात टाकायची, आणि खरा तुकडा आला की कोपऱ्यातून त्याच्याकडे पास द्यायचा.

१९५३ मध्ये 'ए-२' आला, आणि या चरित्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा निर्णय तेव्हाचा आहे. युनिव्हॅकच्या ग्राहकांना तो मूळ सोर्स कोडसकट दिला गेला, आणि सुधारणा सुचल्या तर परत पाठवा असं सांगितलं गेलं. 'ओपन सोर्स' हा शब्द रूढ झाला १९९८ मध्ये. म्हणजे शब्दाच्या पंचेचाळीस वर्षं आधी ती गोष्ट चालू झाली होती.

यानंतरचा प्रश्न भाषेचा होता. हिशेब ठेवणाऱ्या लोकांना गणिती चिन्हं नकोशी वाटतात, मग आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांत का देऊ नयेत? वरिष्ठांना पटवण्यासाठी त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम इंग्रजीत चालवून दाखवला, मग तोच फ्रेंच शब्दांत आणि जर्मन शब्दांत. त्यांचं म्हणणं सोपं होतं. यंत्रासाठी शब्द म्हणजे फक्त ठरवलेली खूण, ती कुठल्याही भाषेतली चालते. पण साहेब लोक बिथरले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच नि जर्मन कळणं त्यांना अशक्यच वाटलं. शेवटी फक्त इंग्रजीवर काम पुढे गेलं आणि 'फ्लो-मॅटिक' ही भाषा तयार झाली.

फ्लो-मॅटिक फक्त युनिव्हॅकपुरती होती. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली वेगळी, म्हणून १९५९ मध्ये सरकार, कंपन्या आणि विद्यापीठांचे लोक एकत्र आले आणि सगळ्यांना चालेल अशी 'कोबॉल' भाषा ठरली. ती हॉपरबाईंनी एकटीने केली असं लिहिलेलं दिसतं, पण ते बरोबर नाही. जीन सॅमेट आणि इतर अनेक जण समितीत होते. बाई सल्लागार होत्या आणि पाया बराचसा फ्लो-मॅटिकचा होता. डिसेंबर १९६० मध्ये दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकच प्रोग्रॅम जवळजवळ जसाच्या तसा चालला.

१९६६ मध्ये वयामुळे नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि पुढच्याच वर्षी परत बोलावलं, कारण कोबॉलच्या तऱ्हा वाढून गोंधळ झाला होता. तऱ्हा तपासायच्या चाचण्या त्यांच्या गटाने तयार केल्या. व्याख्यानांत त्या सुमारे ३० सेंटीमीटर लांब तारेचे तुकडे वाटायच्या. सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाते, हे हाताला कळावं म्हणून. ऑफिसात उलटं फिरणारं घड्याळ लावलेलं. १९८६ मध्ये ७९ व्या वर्षी त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या आणि १ जानेवारी १९९२ रोजी गेल्या.

कोबॉल आज फॅशनमध्ये नाही. पण एप्रिल २०२० मध्ये बेरोजगार भत्त्याच्या जुन्या यंत्रणेवर ताण आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबॉल येणाऱ्यांनी मदतीला या असं जाहीर आवाहन करावं लागलं. आणि आज कोणालाही घरी बसून ही भाषा शिकायची असेल तर 'ग्नूकोबॉल' हा ओपन सोर्स कम्पायलर फुकट मिळतो. तो स्वयंसेवक सांभाळतात.

आपल्या गावात एका गल्लीत मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी कानावर पडतात आणि कोणाचंच अडत नाही. यंत्राचंही अडत नाही, हे हॉपरबाईंनी सत्तर वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. अडलं ते माणसांचं. मराठीत नीट लिहिलेल्या तांत्रिक पुस्तिका कमी आहेत आणि ओपन सोर्स प्रकल्पांना भाषांतर करणारी, समजावून लिहिणारी माणसं नेहमीच हवी असतात. त्यासाठी कोड यायलाच हवा असं नाही, भाषा यायला हवी. आपल्या मंडळात ती बऱ्याच जणांना येते.