आरोपी आणि वकीलही

लोकमान्य टिळक कायद्याचे पदवीधर होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. 1879 साली ते एल्‌एल्. बी. झाले, पुण्यात त्यांनी कायद्याचे वर्गही चालविले. पण वकिलीचा व्यवसाय केला नाही. या विद्येची खरी कसोटी लागली ती 1908 साली, आणि त्या खटल्यात आरोपीही तेच होते.

1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांची बाजू बॅरिस्टरांनी मांडली होती. त्या वेळी त्यांना जामिनावर सोडवून आणणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. शेवटी शिक्षा झालीच, दीड वर्षाची. पुढे मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून 24 जून 1908 रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांना अटक झाली. या खेपेस न्यायासनावर तेच दावर होते. बॅरिस्टर जिनांनी केलेला जामिनाचा अर्ज त्यांनी फेटाळला.

13 जुलै रोजी खटला उभा राहिला, तेव्हा टिळकांनी आपला बचाव स्वतःच करण्याचे ठरविले. यात हट्ट नव्हता, हिशेब होता. लेख मराठी, आणि ज्युरीत 7 युरोपियन व 2 पारशी. त्यांच्या हाती होते ते केवळ इंग्रजी भाषांतर. मूळ शब्दाची छटा त्यात उतरली नाही, तर साधी टीकाही चिथावणी ठरावी! म्हणून टिळकांनी कोर्टाच्या भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, एकेका शब्दाचा अर्थ उलगडला. ज्याने तो शब्द लिहिला, त्याच्याहून हे काम अधिक चांगले कोण करणार? 15 ते 22 जुलैपर्यंत त्यांचे भाषण चालले. एकूण 21 तासांहून अधिक.

22 तारखेच्या रात्री 7 विरुद्ध 2 मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड! दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. टिळकांची रवानगी मंडालेस झाली.

म्हणजे वकील या नात्याने ते हरले. पण म्हणून वकील नकोच, असा त्यांचा बाणा नव्हता. 1916 साली बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांवरून त्यांच्याकडे चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला, तेव्हा त्यांनी बॅरिस्टर जिनांनाच उभे केले, आणि 9 नोव्हेंबर रोजी हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला.

1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य निवर्तले. 1956 साली त्याच हायकोर्टात सरन्यायाधीश छागला यांच्या हस्ते त्यांच्या स्मृतिशिलेचे अनावरण झाले. ज्युरीचा निर्णय सांगण्यात आल्यावर, शिक्षा सुनावण्यापूर्वी आरोपीने जे शब्द उच्चारले, तेच त्या शिळेवर कोरलेले आहेत. कायद्याची बाजू दुसऱ्यावर सोपविता येते. आपल्या शब्दांची जबाबदारी मात्र आपणच घ्यावयाची असते. हा विवेक आपणा विद्यार्थ्यांनी त्यांच्यापासून घ्यावा.