मराठीची लाज वाटण्याच्या काळात एका मास्तरानं ८४ अंक काढले आणि पुण्याचं वारं फिरलं

साल १८७४. पेशवाई जाऊन ५६ वर्षं झाली होती. पुण्या-मुंबईत इंग्रजी शिकलेली पहिली पिढी तयार झाली होती. यातल्या बऱ्याच जणांना वाटायचं की मराठी भाषा घरात बोलायला ठीक, पण तिच्यात गंभीर विचार मांडता येत नाहीत.

हे चित्र बदलायचं ठरवलं २३ वर्षांच्या एका मास्तरानं. नाव विष्णुशास्त्री चिपळूणकर.

२० मे १८५० चा त्यांचा जन्म. वडील कृष्णशास्त्री हे मोठे विद्वान, त्यामुळे घरात पुस्तकांचा राबता होता. विष्णुशास्त्री १८७२ मध्ये बी. ए. झाले आणि शिक्षकी करू लागले. मग १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केलं. सात वर्षांत त्याचे ८४ अंक निघाले आणि जवळपास सगळा मजकूर त्यांनी एकट्यानं लिहिला.

त्यात होतं काय? भाषा, इतिहास, कविता आणि टीका. मोरोपंतांच्या कवितेवर त्यांनी मोठी लेखमाला लिहिली. इंग्रजी साहित्याचा त्यांचा अभ्यास दांडगा होता आणि डॉ. जॉन्सन तर त्यांचा आवडता लेखक. पण इंग्रजी वाचून मराठीला नाकं मुरडणं त्यांना मान्य नव्हतं. भाषा मुळात दुबळी नसते, तिच्यात लिहिणारे कमी पडतात, हा त्यांचा मुद्दा. ज्या लोकांना आपल्या कवींची आणि इतिहासाची किंमत नाही, ते स्वतःचं राज्य तरी कशाला मागतील, असं त्यांचं गणित होतं.

थोडक्यात, पुस्तकांवरची टीका हे त्यांच्यासाठी राजकारणच होतं.

मध्येच त्यांची बदली रत्नागिरीला झाली. १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, सोबतीला टिळक आले, पुढे आगरकरही आले. आर्यभूषण छापखाना निघाला आणि जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे.

चिपळूणकरांची लेखणी इंग्रजांवर चालली, तशीच सुधारकांवरही. लोकहितवादींना त्यांनी धारेवर धरलं. महात्मा फुल्यांवर तर जहरी टीका केली. फुल्यांच्या भाषेची, व्याकरणाची खिल्ली उडवली. फुले मात्र शूद्रातिशूद्रांची गुलामगिरी कशी तयार झाली हे सांगत होते. व्याकरणाच्या चुका काढून त्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नव्हतं.

म्हणजे एकाच शहरात, एकाच भाषेत देशाची दोन चित्रं रंगत होती. एकात गेलेलं वैभव होतं, दुसऱ्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय. पुढे १८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा फुल्यांनी निमंत्रण नाकारलं. वरच्या जातींच्या लेखकांच्या पुस्तकांत शूद्रातिशूद्रांचं जगणं येतच नाही, अशी त्यांची तक्रार होती.

ही सभा बघायला चिपळूणकर नव्हते. १७ मार्च १८८२ ला त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं ३१. निबंधमालेतल्या ‘आमच्या देशाची स्थिती’ या त्यांच्या निबंधाची सरकारला नंतरही धास्ती होती. १९१० मध्ये त्यावर बंदी आली, ती १९३७ मध्ये उठली.

त्यांच्या सोबत्यांच्याही पुढे दोन वाटा झाल्या. टिळकांनी ‘केसरी’तून स्वराज्याचं राजकारण उभं केलं. आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून चिपळूणकरांना न पटणाऱ्या सामाजिक सुधारणांसाठी भांडले. गंमत म्हणजे दोघांनीही आपली लढाई लढली ती मराठीतच.