बुडत्यासाठी सोडलेला दोर

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात पालघरच्या किनाऱ्याजवळ ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ ही बार्ज रुतून बसली आणि तिच्यावरील १३७ जणांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टरे धावून गेली. त्यात कोणालाही नवल वाटले नाही. संकटातील जहाजाकडे हेलिकॉप्टर जायचेच, असे आपण आता धरून चालतो. ज्या काळी ही गोष्ट वेडेपणाची ठरत होती, त्या काळी तिच्यासाठी वरिष्ठांचा रोष पत्करणारे फ्रँक एरिक्सन हे वैमानिकांच्या जगात सुपरिचित आहेत. आपल्याकडे मात्र त्यांचे नाव फारसे कानी पडत नाही.

एरिक्सन यांचा जन्म १९०७ सालचा, अमेरिकेतील पोर्टलंडचा. १९३१ मध्ये तटरक्षक दलाच्या प्रबोधिनीतून ते अधिकारी होऊन बाहेर पडले आणि पुढे वैमानिक झाले. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर जपानी विमाने तुटून पडली, तेव्हा ते त्याच बंदरातील फोर्ड बेटावर कामावर होते. तेलाने पेटलेल्या पाण्यात खलाशी होरपळताना त्यांनी पाहिले. माणसाच्या डोक्यावर जागच्या जागी थांबेल आणि त्याला वर उचलून घेईल, असे विमान त्या दिवशी कोणापाशीच नव्हते. इगॉर सिकोर्स्की अशा यंत्राचे प्रयोग करीत आहेत, हे मात्र एरिक्सन यांच्या वाचनात आले होते.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला बदली होताच त्यांनी सिकोर्स्कींचा कारखाना गाठला आणि २९ जून १९४२ रोजी वरिष्ठांना टिपण धाडले : जीव वाचवण्यासाठी हे यंत्र घ्यावे. वरिष्ठांना ते पटले नाही. मग त्यांचे सहकारी विल्यम कॉस्लर आणि ते स्वतः यांनी पाणबुड्यांच्या शोधावर भर दिला. युद्धकाळात तटरक्षक दल नौदलाच्या अधीन होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये नौदलप्रमुख अर्नेस्ट किंग यांनी सागरी हेलिकॉप्टरच्या विकासाची जबाबदारी या दलावर सोपवली. कचेरीत आयुष्य काढलेल्या वाचकांना यात नवे काही वाटू नये. टिपणाचा विषय बदलला की तीच फाइल पुढे सरकते.

एरिक्सन दलाचे पहिले हेलिकॉप्टर वैमानिक झाले. न्यूयॉर्कच्या फ्लॉइड बेनेट विमानतळावर त्यांच्या देखरेखीखाली १०२ वैमानिक आणि २२५ तंत्रज्ञ तयार झाले. त्यांत ब्रिटिशही होते. आणि मग ३ जानेवारी १९४४ चा दिवस उजाडला. न्यूयॉर्कच्या तोंडाशी नांगरलेल्या ‘टर्नर’ या विनाशिकेत स्फोट होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. वाचलेले जखमी सँडी हुकच्या रुग्णालयात होते आणि तेथे रक्तद्रव अपुरा पडत होता. बर्फाच्या वादळामुळे बाकीची विमाने जमिनीवरच होती. एरिक्सन आपले लहानसे यंत्र घेऊन बॅटरी पार्कमध्ये उतरले. रक्तद्रवाच्या दोन पेट्या यंत्राच्या तरंडांना बांधल्या गेल्या. वजन पेलवेना, म्हणून सहवैमानिक खाली उतरला. समोर झाडे होती. एरिक्सन यांनी हेलिकॉप्टर मागच्या मागे हवेत चढवले आणि चौदा मिनिटांत सँडी हुक गाठले. हेलिकॉप्टरने जीव वाचवण्याच्या कामाचा इतिहास येथून मोजतात.

प्रयोग थांबले नाहीत. त्याच जूनमध्ये ‘कॉब’ या जहाजाच्या डेकवर त्यांनी हेलिकॉप्टर उतरवले आणि ऑगस्टमध्ये माणसाला दोराने वर खेचणाऱ्या विंचची चाचणी झाली. नोव्हेंबर १९४५ मध्ये कनेक्टिकटच्या किनाऱ्यावर वादळात खडकावर चढलेल्या बार्जवरून दोघांना अशाच विंचने उचलले गेले. ते काम सिकोर्स्कींच्या वैमानिकाने केले. सप्टेंबर १९४६ मध्ये न्यूफाउंडलंडच्या जंगलात बेल्जियन प्रवासी विमान कोसळले, तेव्हा सुटी करून विमानाने नेलेली हेलिकॉप्टरे तेथे जोडून १८ जणांना बाहेर काढण्यात आले. ते दोन्ही वैमानिक एरिक्सन यांच्या तालमीतले होते.

एवढे होऊनही, युद्ध संपताच दलातील जलविमानांच्या पक्षपात्यांनी उचल खाल्ली. पैसा आटला. एलिझाबेथ सिटी येथील एका छोट्या विकास पथकात एरिक्सन नवनव्या चाचण्या घेत राहिले. त्यांचा स्वभाव हेकट होता आणि त्यामुळे त्यांना शत्रू मिळाले, हे खरे. पण मवाळ माणसाने पहिल्या नकारानंतर टिपण मागे घेतले असते. १९५४ साली ते कॅप्टन या हुद्द्यावर निवृत्त झाले आणि पुढे ब्रँटली या हेलिकॉप्टर कंपनीत चाचणी वैमानिक म्हणून उडत राहिले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर ज्या दलाने त्यांचे पहिले टिपण बाजूला सारले होते, त्याच दलाच्या हवाई ठाण्यांवर हेलिकॉप्टरे रात्रंदिवस सज्ज उभी राहू लागली होती.